बरणी नंबर नऊ

मंगळवार सबंध बुटात गेला.
गोंड्याच्या टोपीतल्या जाड्याने
खिडकीतून भिरकावलेला बूट
कुंपणावरच्या बोक्याच्या कानशिलापर्यंत पोचायला
सतरा चित्रं घेतो.
सतराही मी रंगवली, सेल्युलॉइडच्या पाठीमागून,
तपकिरी, बरणी एकेचाळीस.

बुधवारी बोक्याचा घसा.
इतका उघडा, की आत पडजीभ लोंबतेय
चर्चच्या घंटेसारखी.
लाल, बरणी नऊ.
फ्लोरीन म्हणाली, मेला गातो तरी काय?
कुणाला ठाऊक.
आवाज भरतात रस्त्यापलीकडच्या इमारतीत.
आमच्याकडे शिंकायचीही चोरी,
ओल्या रंगावर धूळ बसते.

घरी तर त्याहून.
वेंडल विमानांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
सकाळी सातला येतो,
खिडकीवर घोंगडी ओढतो आणि पडतो.
पडतो फक्त.
रिव्हेट ठोकणं कानातून घरी येतं त्याच्याबरोबर.
आठ महिने झाले, डोळ्याला डोळा नाही.
मी माझे बूट हातात घेऊन जिना उतरते.

शनिवारी त्याला सुट्टी. बरबँकच्या थिएटरात
दोन तिकिटं, एक शेंगदाण्याची पुडी.
आणि बोक्याने गळा काढला!
गंजलेल्या बिजागरीचं आणि रडक्या व्हायोलिनचं पोर जणू.
पत्र्याचे डबे गडगडले, जिन्यावरून पियानो आला,
पियानोखाली जाड्या,
जाड्याच्या डोक्यावर त्याचाच पलंग.
पुढच्या रांगेतला मुलगा हसता हसता खुर्चीखाली गेला.
मग माझा बूट आला.
आला म्हणेपर्यंत गेला.
मंगळवार संपला.

बघितलास का, म्हणून मी कोपर मारायला वळले,
तर वेंडल
मान मागे टाकून, तोंड उघडं,
आत पडजीभ,
ढाराढूर.

मी शेंगदाणासुद्धा चावला नाही.

मग मुख्य चित्रपट लागला.
समुद्रकाठी ती दोघं कुजबुजायला लागली
तसा वेंडल चुळबुळला, भुवया आक्रसल्या,
हात काहीतरी ठोकायला शोधू लागला.
चुंबन तर भलतंच लांबलं.
मी घड्याळाकडे बघत राहिले.
टॉर्चवाला पोरगा थबकला,
मी ओठांवर बोट ठेवलं.

पावणेदहाला परत कुंपण, परत चंद्र,
परत तो.

गा रे बाबा,
घसा फाटेपर्यंत गा.
बरणी नऊ अजून अर्धी भरलेली आहे.