इथे भोक पाडू नका, रे

ह्युअन नदीच्या काठी, सफरचंदांच्या शेडमागे
सतरा वर्षं उभी होती ही कॅराव्हॅन.
चाकांत गवत, छतावर शेवाळ,
आत एका पॉसमचा भरला संसार.
फर्गसने टिचकी मारून पाहिली, म्हणाला,
'सांगाडा चांगला आहे.'
हेच त्याने लग्नाआधी
स्वतःबद्दलही सांगितलं होतं.

होबार्टचं भाड्याचं घर मालकाने
सुट्टीवाल्या पाहुण्यांना द्यायला काढलं.
आमचे पडदे त्याला आवडले, ते ठेवून घेतले.

मग आम्ही हिला सोलायला बसलो.
आधी गालिचा, मग गालिच्याखालचा गालिचा,
मग तपकिरी फुलांचं लिनोलियम,
मग प्लायवूड,
जे हातात येताच चहातल्या पावासारखं गळालं.
मला सातवा महिना, वाकायची कामं बंद.
मी खिडक्यांच्या कडांचं जुनं सिलिकॉन
नखाने उचकटत राहायची,
गुडघ्यावरची खपली काढावी तशी,
ओली जागा आली की थांबून.

सिंकशेजारचं पॅनेल निघालं
तेव्हा आतल्या फळीवर पेन्सिलीची अक्षरं दिसली,
ठसठशीत, शाळेतल्या सुतारकामाच्या मास्तरांसारखी:
'इथे भोक पाडू नका. रे, १९७६.'

का, ते लिहिलं नव्हतं.
विनीने विचारलं, रे कुठे गेला?
पॉसमबरोबर गेला, फर्गस म्हणाला,
आणि बाळाच्या कपड्यांच्या फळीसाठी
बरोब्बर तिथेच ड्रिल लावलं.

पाण्याची बारीक धार
थेट त्याच्या कपाळावर.
विनी इतकी हसली की तिला उचकी लागली.
मी हसले नाही. त्या दिवशी
आमच्याकडे साठ डॉलर उरले होते,
आणि पाईप बेचाळीसला आला.

टेड ऑगस्टमध्ये झाला, डोंगरावर बर्फ असताना.
सासूबाई पायरीवरच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.
मॉरीन म्हणजे तोलून मापून बोलणारी बाई.
म्हणाल्या, 'बोट असती तर समजू शकले असते.'
जाताना मात्र लोकरीचं जाड पांघरूण
गॅसच्या सिलिंडरवर ठेवून गेल्या,
जणू विसरल्या.

आता टेबल खाली पाडलं की पलंग होतो,
पलंग उचलला की टेबल.
मधल्या वेळात टेडला कुणी धरायचं
यावर आमचं रोज एकदा वाजतं.
आपटायला दार नाही. म्हणून भांडणारा बाहेर जातो,
गॅस संपलाय का बघतो, नदी बघतो,
थंडी वाजली की परत येतो.
परत आल्यावर बूट कुठे ठेवायचे
हा दुसरा वाद.

रात्री एकाने कूस बदलली
की चौघं हलतात, मग कॅराव्हॅन हलते,
मग बाहेर चरणारी वॉलबी
मान वर करून बघते, कोण जागं आहे.
सकाळी काचांवर आमचा सगळ्यांचा श्वास जमलेला.
विनी त्यात बोटाने घर काढते:
उतरतं छप्पर, धुराडं, दोन मजले.
मी काही बोलत नाही.
दहा वाजता ऊन येतं आणि ते पुसलं जातं.

गादीखाली काळी बुरशी येते. मी ती
व्हिनेगरने पुसते, ती पुन्हा येते.
हेही सांगायला हवं,
नाहीतर वाटेल आम्ही सुखाची गोष्ट सांगतोय.

सिंकशेजारचं पॅनेल अजून उघडंच आहे.
स्क्रू वाटीत आहेत, वाटी फ्रीजवर.
फर्गस म्हणतो, या रविवारी लावू.
असे अकरा रविवार झाले.
काल सफरचंदं वेचून आला,
हात न धुता विनीचा रंगीत खडू घेतला,
आणि पेन्सिलीच्या अक्षरांखाली
हिरव्या रंगात लिहिलं:

'पाडलं. तुझं खरं होतं, रे.'