हाडाच्या विणकरणी

वूच शहर, फेब्रुवारी.
खिडकीतून जुन्या कापडगिरणीच्या लाल विटा,
आता तिथे हॉटेल आहे.
भिंगाखाली व्येस्वावा स्कोनेच्ना, वय एकाहत्तर:
डाव्या स्तनाचा एक तुकडा,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, जांभळट गुलाबी.

गाठ लगेच दिसते. मी बघतेय तिचा शेजार.
लांबट पेशी, अंगाला अंग लावून
दोरे टाकत बसलेल्या.
यांतल्या काही इथल्या नसाव्यात.

उंदरांत आम्ही पाहिलंय.
अस्थिमज्जा हिरवी करून ठेवली,
आणि पुढे तेच हिरवे ठिपके
गाठीपाशी सापडले, हाडापासून इतक्या लांब.
बाईच्या काचपट्टीवर हिरवं काही नाही.
नुसता कयास.

रक्तातून कुणीतरी निरोप धाडला असणार:
जखम झालीय, या.
जखम म्हटल्यावर त्या
कुणाची, कशाची, विचारत नाहीत.
निघाल्या, पोचल्या, मागावर बसल्या.
विणलं, सांधलं,
रक्ताच्या नव्या नळ्या ओढून आणल्या.
मन लावून केलं सगळं.
जखम तेवढी नव्हती.

परवा बाई स्वतःच तीन जिने चढून आली.
"माझं आहे ना? मग मला दाखवा."

कोट न काढता वाकली. बराच वेळ.
"ही घाण बाहेरून आली?"
नाही, म्हटलं, गाठ तुमचीच.
"आणि या भोवतीच्या?"
त्याही तुमच्याच. काही बहुधा हाडांतून आलेल्या.
"मदतीला?"
मी मान हलवली. कुणाच्या, ते म्हणाले नाही.

मग ती खिडकीकडे बोट करून म्हणाली,
"एकोणीस वर्षांची होते. त्या तिसऱ्या मजल्यावर
पांढरी जाळी विणायचो, बँडेजची, असं सांगायचे.
बहीण म्हणायची, कसली बँडेजं,
सगळं फौजेच्या पिशव्यांना जातं.
गेलं असेल.
मी धागा तुटू नये एवढंच बघायचे."

औषधाचं विचारलं. गाठीसाठी आहे, म्हटलं.
यांच्यापर्यंत तो निरोपच पोचू नये
असं काही शोधतोय. अजून हाती नाही.
"म्हणजे माझ्या वेळेपर्यंत नाही."
मी भिंगाचा स्क्रू उगाच फिरवला.

जाताना ती पुन्हा वाकली,
बोटं टेबलावर आपोआप हलली,
जणू गाठ मारून सूत तोडतेय.
"डावीकडची ती बघा," म्हणाली,
"काठ किती सरळ धरलाय."