दोरीले इचारा

विज्ञानाच्या पेटीतला ताणकाटा मार्चमध्येच गेला.
प्रज्योत गजभियेला बघायचं होतं
पन्नास न्यूटनच्या पुढे काय असतं.
पुढे काही नव्हतं. लांबलेली स्प्रिंग होती,
परत न येणारी.
म्हणून यंदा बल शिकवायला
कोहळ्यांच्या गोठ्यातून नाडा मागून आणला.
शेणाचा वास, दोन गाठी, मधेच एक पीळ उसवलेला.
"सांजच्याले वापस पाह्यजे जी मॅडम."

वणीचा रस्ता शाळेला खेटून जातो.
कोळशाचा ट्रक गेला की फळ्याखालच्या पट्टीवरचा खडू
थोडा थोडा सरकत काठावर येतो,
आणि कुणाच्या तरी उत्तराच्या मधेच पडतो.
कडुनिंबावर काळी पूड बसलेली असते.
तीही खाली यायला बघते, पान तिला धरून ठेवतं.
कोण कोणाला किती धरून आहे,
पुस्तकात ते बाणांनी दाखवतात.

मैदानात इकडे नऊ, तिकडे नऊ.
मधे चुन्याची रेघ, नाड्याला माझा लाल रुमाल.
ओढा, म्हटलं.
आठवड्यापूर्वीचा पाऊस, माती वरून सुकी, आतून चिकट.
चपलावाले घसरले,
अनवाणी पाय रुतून बसले.
घर्षणाचा धडा पुढच्या सोमवारी होता,
तो आजच उरकला.

मग रुमाल थांबला.
बरोब्बर रेघेवर.
अठरा जणांचे दंड ताठ,
कुणाच्या तरी नाकातून शीळ,
आणि काहीच हलेना.

"आता सांगा, बल किती?"
"शून्य!" प्रज्योत दात आवळून म्हणाला,
"इकडलं तिकडलं कटलं."
पुस्तकात तसंच आहे. मी मान हलवणारच होते.

आचल नेवारे खेळत नव्हती,
सोयाबीन कापताना विळा लागलेला, हाताला पट्टी.
ती वाकली, चांगल्या हाताची दोन बोटं नाड्यावर ठेवली
आणि चटकन काढून घेतली,
तव्याला लागल्यासारखी.
"शून्य कायचं जी मॅडम," म्हणाली,
"दोरीले इचारा."

मीही बोटं ठेवली.
नाडा थरथरत होता आतल्या आत,
बारीक, एकसुरी,
ट्रक लांब असताना भिंत थरथरते तसा.
अकरा वर्षं मी 'परिणामी बल शून्य' शिकवते आहे.
'शून्य' फळ्यावर मोठं काढते, गोल, सुबक.
'परिणामी' घाईत म्हणून टाकते.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल.
उसवलेला पीळ.
नऊ इकडे उताणे, नऊ तिकडे,
एकाच्या दप्तराखाली डबा चेपला,
आणि असं हसू की मुख्याध्यापक बाहेर आले.
आचल तेवढी हसली नाही. तुटलेलं टोक
उचलून बघत होती, एकेक धागा.

संध्याकाळी दोन तुकडे पिशवीत घेऊन निघाले.
वळणावर भरलेला ट्रक उभा, चाक काढलेलं,
ड्रायव्हर सावलीत झोपलेला.
एरवी मी म्हटलं असतं, नुसता उभा आहे.
जॅककडे बघत थोडी थांबले.

कोहळ्यांनी तुकडे उलटसुलट केले.
रागावतील वाटलं.
"कोन जिंकलं?"
"कोणीच नाही."
"मंग चांगला ओढला पोट्टेहो," ते म्हणाले,
मी एकटीच होते समोर,
आणि खुंटीवरून दुसरा नाडा काढायला आत गेले.