बोकडाच्या तोंडाशी

चिमटा माझ्या हातात,
घण ओनासांद्रोसच्या.
मधे ऐरणीवर काशाची चकती,
डाळिंबाच्या दाण्याइतकी लाल,
आणि तिच्यावर अजून तो परका देव,
कानामागे मेंढ्याचं शिंग असलेला.

टाकसाळ म्हणजे काय, तर गोठ्यामागची पडवी.
भाता, राखेची घमेली, धुरात खोकणारी दोन पोरं.
पौर्णिमेला सभेनं ठरवलं :
कुरेनेची जुनी नाणी अमावास्येनंतर चालणार नाहीत.
आणा, आमचा ठसा मारून घ्या.
तीन दिली की दोन परत.
तिसरं शहराचं.
वजन तेच, धातू तोच,
फक्त आत्तापासून दोनांनी तिघांचं काम करायचं.
कोळीण म्हणाली, माझ्या माशांना कळवलं का कुणी?

ठसा कोरला थेओग्नेतोसनं :
क्रीटचा रानबोकड, शिंगं वळून पाठीला टेकलेली,
दाढीचा केस न् केस वेगळा.
तीन महिने डोळे फोडले त्यानं.
आणि आमच्याकडे दर नाण्याला एकच घाव,
दिवेलागणीपर्यंत सहाशे.
एका घावात काय पुसलं जातं?
देव जातो बहुतेक वेळा.
मागच्या बाजूचं झाड जात नाही,
ते सिल्फियनचं, जाड देठाचं,
समुद्रापलीकडच्या रेताड जमिनीतलं.
बोकडाच्या पोटातून देठ वर येतो,
शिंगात पान अडकतं,
एकदा तर शेपटीलाच तुरा फुटला.
थेओग्नेतोस ओरडतो : मी बोकड कोरला, चारा नाही!
ओनासांद्रोस घणावर रेलून हसतो,
मग त्यालाही खोकला येतो.

चौथ्या दिवशी रांगेत आई.
म्नासो, एक्साकोनची आई,
असं तिनं लेखनिकाला सांगितलं.
माझं नाव घेतलं नाही.
बरोबरच होतं, पैसे त्याचे होते.
तो कुरेनेला भाड्यानं भाला धरायला गेला,
पहिल्या वर्षी सिल्फियनच्या चिकाचा खडा पाठवला,
हिंगाहून उग्र,
महिनाभर घरातलं दूधसुद्धा तोच वास मारत होतं.
सहाव्या वर्षी ही पिशवी आली.
आणणाऱ्यानं उंबऱ्यावरूनच जेवण नाकारलं,
तेव्हाच कळलं आम्हाला.

एक्केचाळीस नाणी.
दुष्काळात आईनं जातं विकलं,
यातलं एक मोडलं नाही.
सत्तावीस परत मिळणार.
वरच्या दोघांचं काय करायचं
ते लेखनिकाला काही केल्या सुटेना.

चाळीस गेली, जशी जायची तशी.
एक्केचाळिसावं धरताना मी चिमटा फिरवला.
जवभर.
ठसा मुद्दाम चुकवला तर अंगठा जातो आमच्याकडे.
घाव बसला.
बोकडाचं मागचं अंग चकतीबाहेर,
शहराचं नाव अर्धं,
पण झाड उभं राहिलं, देठ, पानं, वरचा गोंडा,
अगदी बोकडाच्या तोंडाशी.
राखेत पडल्यावर चुरचुरलं थोडं.
ओनासांद्रोसनं पाहिलं,
घण खांद्यावर घेतला,
म्हणाला, पुढची.

आईच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून सारा उतरलाय.
नाणी ती अंगठ्यानं वाचते.
सव्वीस कमरेच्या गाठीत गेली.
सत्ताविसावं ती चोळत राहिली,
मागचा माणूस पुढे सरकेपर्यंत,
लेखनिक खाकरेपर्यंत.

मला वाटलं, हे आता उशाखाली जाणार.
संध्याकाळी तिनं तेच मोडलं.
कोळणीनं नाणं दगडावर वाजवलं,
मग दिव्याशी धरलं :
म्नासो, हा काय खातोय गं?
तिकडचं आहे, आई म्हणाली.
इथे उगवत नाही.

घरी येऊन ती खवलं काढायला बसली.
मला म्हणाली, उभा काय,
मीठ आण.