दिवस एकतिसावा

आधी किंमत सांगते, कारण गोष्ट किमतीचीच आहे.
फोटो दुरुस्त करणारा तो मोठा प्रोग्रॅम
ज्या पैशांत मिळायचा, तेवढ्यात डुलुथमध्ये
एक चालती फोर्ड यायची, पत्रा गंजलेली, पण हीटरसकट.
ओइवा केत्तुनेनकडे फोर्ड होती. प्रोग्रॅम नव्हता.

दिवसा तो बंदरावर, धान्याच्या कोठारांत वायरिंग बघायचा.
रात्री तळघरात, बॉयलरला पाठ लावून,
पायांत दोन-दोन मोजे घालून
एकेक ओळ लिहीत बसायचा.
बायको वरून विचारायची, "किती राहिलं?"
"सावली राहिली."
महिनाभर सावलीच राहिली होती.

नाव ठेवलं टॅमरॅक.
देवदाराच्या जातीचं असून थंडीत पानं गाळणारं झाड.
"धड इकडचं ना तिकडचं," म्हणाला, "आपल्यासारखं."

पहिल्या फ्लॉपीवर तीनच हत्यारं होती:
कात्री, उजेड, आणि उसनवारीचा कुंचला.
ओरखडा असेल तिथे
शेजारच्या आभाळातून चिमूटभर आभाळ आणून लावायचं,
विरजण मागून आणावं तसं.
शेजारचं कमी होत नाही
हे मला बरेच दिवस खरं वाटत नव्हतं.

तीस दिवस वापरा, आवडला तर एकोणचाळीस डॉलर पाठवा.
आणि एकतिसाव्या दिवशी?
बाकीचे प्रोग्रॅम तोंडावर दार लावायचे.
टॅमरॅक कोपऱ्यात बारीक अक्षरांत म्हणायचा,
दिवस ३१. आज नाही तर उद्या चालेल.
आणि काम करू द्यायचा.

"अशानं भिकेला लागशील," मी म्हणाले.
मी म्हणजे लुएला. त्याच्या स्वयंपाकघरात
पाकिटं फोडायला तासाला पाच डॉलरवर ठेवलेली.

पण पाकिटं आली.
फार्गोच्या एका शवपेटीवाल्याचा चेक, काळ्या कडेचा.
नॉर्वेहून नोटा, कार्बन पेपरात गुंडाळून,
टपालवाल्याला दिसू नयेत म्हणून.
कुणी रानतांदळाची पिशवी, वर तीन डॉलर.
आयोवातला एकजण: दिवस ४१२. लाज वाटली.
एवढंच. खाली सही, चेक, आणि कॉफीचा गोल डाग.
तो डाग ओइवानं फ्रिजवर लावून ठेवला.

मग बोलिंग ॲलीच्या वर ऑफिस आलं.
बावीस माणसं, आणि खालून दर मिनिटाला गडगडाट.
थर आले, वक्ररेषा आल्या, चकचकीत खोकी आली,
खोक्यावर हसणारी बाई आली, जिला आमच्यातलं कुणी ओळखत नव्हतं.
शेवटी विकत घेणारे आले, चांगले होते,
डोनट घेऊन आले.
आधी त्यांनी एकतिसाव्या दिवसाला कुलूप घातलं,
मग कुलपाचंही महिन्याचं भाडं लावलं.
ओइवा बैठकीत एकदाच बोलला:
"ते वाक्य कुठं गेलं?"
कुणाला कळलं नाही कुठलं वाक्य.
संध्याकाळी तो आपली खुर्ची डोक्यावर धरून
जिना उतरला. खुर्ची त्याच्या घरची होती.

तो गेला तेव्हा फोटो माझ्याकडे दिला,
चर्चमध्ये ठेवायचा म्हणून.
बायको म्हणाली, नाकावरचा डाग तेवढा काढ,
डागणीनं चटका बसल्याचा.
मी कुंचला घेतला, गालाचं चिमूटभर उचललं,
आणि हात तिथंच थांबला.
डाग राहू दिला. तिनं नंतर विचारलं नाही.

आता एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही.
जगभरचे चेक मी मोजले, शिक्के मारले, बँकेत भरले.
माझ्या स्वतःच्या कॉपीचे एकोणचाळीस डॉलर
द्यायचे राहूनच गेले.
आज नाही तर उद्या, म्हणत.
परवा चेक लिहिलासुद्धा. पाकिटावर
पत्ता लिहायला गेले आणि पेन वर धरून बसले.
बोलिंग ॲलीच्या जागी आता टायरचं दुकान आहे.

तळघरातला जुना कॉम्प्युटर अजून सुरू होतो,
जरा कण्हतो, म्हातारपणी मीही कण्हते.
तळ्यावरून वारा आला की पडदा थरथरतो.
कोपऱ्यात, चष्मा लावूनच वाचता येतं:
दिवस ११०४६.
आज नाही तर उद्या चालेल.