तेरावा महिना

आमचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो.
तो उगवून तासभर झाला की आमचा एक वाजतो.
परदेशी डॉक्टर म्हणाला, उद्या दहाला या,
सेब्लेचं काय ते सांगतो.
मी गेले आमच्या दहाला,
उन्हं कलल्यावर, चर्चमधून थेट,
टाचांना चिखल घेऊन.
तो सकाळीच वाट बघून निघून गेला होता.
सहा तास.
नर्स हिरुत म्हणाली, खेड्यातल्या बायकांचं होतं असं,
बेलेतू, उद्या ये.

उद्या.
काचेपलीकडे माझी एकोणीस वर्षांची पोर,
नळ्यांच्या गुंत्यात, आज नवव्या दिवशीही
नुसती डोळा लागल्यासारखी.
सेब्ले म्हणजे सुगी. नाव मीच ठेवलं.
सुगीला विळाही लागतो
हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

प्रभू, आता तुलाच विचारते,
तुझ्या घड्याळात किती वाजलेत?
बेथानीला तू चार दिवस उशिरा पोचलास.
मार्थेनं वेशीबाहेर गाठून तुला बोल लावला
आणि तू तिच्यावर चिडला नाहीस.
तेवढ्याच आधारावर मी बोलतेय.
शेजारच्या खाटेवरचा अस्नाके परवा गेला.
त्याच्या आईनं माझ्याहून जास्त मेणबत्त्या लावल्या होत्या.
याचा अर्थ मला कुणी सांगायला येऊ नये.
तूसुद्धा, आज नको.

आज पागुमेची तीन तारीख.
पाच दिवसांचा आमचा हा तेरावा महिना,
बाराच्या हिशेबात न बसलेला,
ज्याचा पगार कुणी कुणाला देत नाही.
आज रफाएलचा पाऊस.
खाली अंगणात पोरं उघडीवाघडी भिजताहेत,
आज म्हणे आभाळाची दारं सताड असतात.
मी कॉफीच्या कपात थोडा पाऊस धरला,
जिना चढले,
तिच्या कपाळाला बोटं लावली.
हिरुत ओरडली.
पापणी हलली नाही.
पाणी कानाकडे ओघळत गेलं,
ते मी माझ्या नेतेलाच्या काठानं टिपलं.

मग व्हरांड्याच्या टोकाला
चौकीदार दम्सेच्या शेगडीवर जबना ठेवली.
पहिल्या उकळीच्या कॉफीला आम्ही अबोल म्हणतो.
दुसरी तोना. तिसरी बरका.
त्याच पुडीवर पुन्हा पुन्हा पाणी,
तिसरीपर्यंत रंगसुद्धा उरत नाही,
पण आशीर्वाद म्हणे तिच्यातच.
घाईची माणसं दुसरीवरच उठतात.
मीही किती घरांतून उठले असेन,
पोर रडतेय, पीठ आंबतंय म्हणत.

अबोल पिऊन झाली.
तूही अबोल.
दम्से कप पुढे करतो, काही विचारत नाही.
मी जबनेत पाणी ओतलंय.
निखारे आहेत अजून.
भिंतीवर त्यांचे चार वाजलेत, माझे दहा,
तुझे जे वाजले असतील ते.
बसलेय.