शीग

कॉव्हेंट्रीत, कालव्यामागच्या तिसऱ्या गाळ्यात
मी हवा मोजते. पगारी.
बाप बार्शीच्या अडतीवर मापाडी होता, तो ज्वारी मोजायचा.
घराण्यात एवढाच काय तो फरक पडला.

आज बाकावर दोन लिटरचं इंजिन. चार सिलिंडर.
तीन हजार फेऱ्यांना हिशेब सोपा:
दोन फेऱ्यांत एकदा पोट भरायचं,
म्हणजे मिनिटाला तीन हजार लिटर,
आजच्या थंडीत, आजच्या दाबाला
सेकंदाला साठ ग्रॅम हवा यायला हवी.
येते एकावन्न.
पंच्याऐंशी टक्के, मी वहीत लिहिते.
फिल्टरशी थोडी अडली, वळणावर थोडी घासली,
तापलेल्या दारात फुगून थोडी बाहेरच राहिली.
भांडं केवढं, ते पत्रकात छापलेलं असतं.
भरतं किती, ते ज्याचं त्याला विचारावं लागतं.

ट्रँटर थर्मामीटर वाचतो, मग बॅरोमीटर, मग दमटपणा.
"इथली हवा गवळ्याच्या दुधासारखी," मी म्हणते.
तो हसत नाही. "पाण्याची वजावट धर."
बापही धरायचा ओल्या तुरीची,
एक दाणा दाताखाली फोडून.

साडेतीन हजारांवर आकडा कोसळला. सत्तर.
इंजिन मात्र मजेत. ताकद तेवढीच,
आवाजात कुठे उपास नाही.
"ते खोटं बोलत नाहीये," ट्रँटर म्हणाला, "आपलं माप बोलतंय."
तासभर शोधलं.
मीटरच्या पुढची रबरी नळी पट्ट्यातून निसटून
खालच्या अंगाला आ वासून होती.
हवा न मोजता आत जात होती, चोरदारानं.

बार्शीत एकाची पायली होती,
तळ ठोकून आत उचललेली. भरली की भरलेलीच दिसायची.
बापानं ती भर बाजारात उपडी करून दाखवली.
पुढे दोन महिने त्याला कुणी बोलावलं नाही.

नळी आवळली. चार हजार आठशे.
यायला हवी शहाण्णव.
आली नव्व्याण्णव.
"भांड्यापेक्षा जास्त?" कीरन. उमेदवारीचा दुसरा आठवडा त्याचा.
ट्रँटर हातांनी सांगू लागला: दार उशिरा लावायचं.
पिस्टन परत वर निघालेला असतो,
पण लांब नळीतून पळत आलेल्या हवेला थांबता येत नाही,
ती रेटून आत शिरते.
"आणि हळू चालत आली तर?"
"तर हेच दार तिला बाहेर काढतं."

मी म्हटलं, शीग.
"काय?"
आता यांना शीग कशी सांगू.
काठ भरल्यावर काठाच्या वर
दाणा दाण्याला धरून उभा राहतो, ते.
बाप ती दोन्ही हातांनी लावायचा,
पायलीवर वाकून, श्वास रोखून,
आणि पहिल्या मापाला कधी एक म्हणायचा नाही.
लाभ, म्हणायचा. मग दोन. मग तीन.

आकडा खरा की कसा, पुन्हा धावू म्हणाला ट्रँटर.
पंखा लावला, कानात बोळे घातले.
अकरा वर्षं एका खोलीत काम करतोय आम्ही.
त्याच्या तक्त्यात पहिल्या चाचणीपुढे आकडा नसतो,
पेन्सिलीनं एक एल असतो.
कधीपासून, ते मी विचारलेलं नाही.